खूण न केलेली ओळ

प्रकाश गेल्याचा फोन ऑफिसात मीच उचलला. पलीकडून त्याची बायको, संगीता, बोलत होती. "ताई, आज ते यायचे नाहीत," एवढंच म्हणाली. मंगळवार म्हणजे त्याच्या डायलिसिसचा वार, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी आपली नेहमीच्या घाईत, "बरं बरं, उद्या ये म्हणावं, यादी पडलीये त्याच्या टेबलावर," असं बोलून मोकळी झाले. तिनं फोन ठेवला नाही. मागे हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरची चाकं वाजत होती, कुणीतरी वॉर्डबॉयला हाका मारत होतं... मग कळलं. शेजारच्या टेबलावरच्या ॲग्नेलनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि जागेवर ठेवला. याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसते तर आधी राग येतो आणि रडू मागनं येतं. स्वभावच तसा आहे माझा, त्याला इलाज नाही.

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांवरच्या मजल्यावर. खाली दिवसभर वाट्याताटांना पॉलिश चालायचं आणि वर आम्ही पाचसहा जण कंप्युटरसमोर बसून दोन हजार सालचं काम करायचो. हे काम काय ते एव्हाना पेपरांतून सगळ्यांना ठाऊक झालंय, तरी सांगते. जुन्या प्रोग्राममध्ये साल दोनच आकड्यांत लिहायची पद्धत होती, बावन्न म्हणजे एकोणीसशे बावन्न. दोन हजार साल उजाडलं की मशीनला नुसती दोन शून्यं दिसणार आणि ते बिचारं एकोणीसशे साल समजणार. मग माणूस जन्मायच्या आधीच रिटायर व्हायचा. म्हणून हजारो ओळींमधून ही दोन आकडी सालं हुडकायची आणि चार आकडी करायची. आमच्याकडे आलेलं काम एका मोठ्या कंपनीच्या पेन्शनच्या प्रोग्रामचं होतं. प्रकाश वाघमारे आमच्यातला सगळ्यात हुशार, आणि ते त्याला माहीत असूनही त्याचा कधी तोरा नव्हता. बोलायचा कमी. मी फोनवर कुणाला झापत असले की मान वर न करता म्हणायचा, "शुभदा, जरा हळू. खालच्यांना वाटेल त्यांचं मशीन बिघडलंय." त्याचं हे बोलणं माझ्या डोक्यात जायचं, आणि आता ऑफिसात मला हळू बोल म्हणणारं कोणी नाही.

हातानं हे काम करायचं म्हटलं तर जन्म गेला असता. म्हणून प्रकाशनं एक मोठी स्क्रिप्ट लिहिली. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाईप करायची, की ती स्वतःच सगळे प्रोग्राम उघडायची, सालं शोधायची, रुंद करायची, जिथं जिथं त्या सालांची तुलना होते तिथली ओळ बदलायची आणि जुन्या फाईलवरच नवी लिहून टाकायची. आम्ही तिला बुलडोझर म्हणायचो. मालक खूश होते. येईल त्या पाहुण्याला बुलडोझर चालवून दाखवायचे. तिच्या पोटात काय चाललंय ते मात्र एकट्या प्रकाशला कळायचं. आम्ही कोणी आत बघायला गेलो की दोन पानांत हात टेकायचो. आणि एके दुपारी बुलडोझर अर्ध्यावर असताना लाइट गेली. भाईंदरला लाइट जाण्याचं कौतुक नाही, पण आमच्या यूपीएसची बॅटरीही त्याच दिवशी मान टाकून बसली होती. लाइट आल्यावर ॲग्नेलनं साधा विचार केला, राहिलंय ते होऊ दे, आणि पुन्हा तीच आज्ञा दिली. आता निम्म्या फायली आधीच बदललेल्या होत्या, त्या परत बदलल्या. प्रकाश डायलिसिसहून परतला तेव्हा चाचणीच्या कागदावर एका माणसाचं जन्मसाल एकोणीस एकोणीस बावन्न असं सहा आकडी छापून आलं होतं. ॲग्नेल उत्तनचा, घाबरला की घरची बोली बाहेर पडते. "मी काय मुद्दाम न्हाय केलं रे, ती मदेच बंद पडलेली हाय असं वाटलं मना." प्रकाश त्याला एका शब्दानं बोलला नाही. गिऱ्हाइकानं दिलेल्या मूळ टेपवरून सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागलं आणि केलेलं काम पाण्यात गेलं. जाताना तो मला म्हणाला, "मी नसलो की हे असं होणार."

तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मुंबईला डायलिसिस, येताना चेहरा राखेसारखा. किडनी द्यायची तर भावाचा रक्तगट जुळेना, आई थकलेली, आणि संगीताला स्वतःलाच रक्तदाबाचा त्रास. पुढं काय वाढून ठेवलंय ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, पण कोणी उच्चारत नव्हतं. उच्चारलं ते मालकांनी. त्याच्या घरी भेटायला गेले होते, मीही बरोबर होते. चहा घेता घेता म्हणाले, "प्रकाश, तू टेन्शन नको घेऊ. उद्या काही कमीजास्त झालं तर वहिनींना आपल्याकडे घेऊ. तुझ्या जागेवर." प्रकाशचा चेहरा त्या दिवशी मी नीट पाहिला. माणूस तहानेला असताना त्याच्या हातात तांब्या द्यावा, तसा झाला होता. त्याचा या बोलण्यावर विश्वास का बसला ते मला माहीत होतं. ही माणसं परभणीकडची. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांवर काम करतानाच गेले, आणि आईला अनुकंपावर रेल्वेत नोकरी लागली. त्या नोकरीवर तिनं तिन्ही मुलं शिकवली. माणूस गेला की त्याची जागा त्याच्या घरच्यांना मिळते, हे प्रकाशच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. अरे पण ती रेल्वे! इथं दोन खोल्यांचं ऑफिस, इथं कुठला नियम आणि कुठलं अनुकंपा? हे त्याच्या तोंडावर बोलायची माझी जीभ काही उचलली नाही, आणि माझी जीभ सहसा अशी मागे राहत नाही.

त्याला त्यातली एकच गोष्ट खुपत होती. "आईला नोकरी दिली, पण काम कोणी शिकवलं नाही," तो सांगायचा. "ऑफिसात साहेबांना पाणी द्यायची. बदली होऊन गेली तिथंही पाणीच. तिला सगळं शिकायचं होतं, कोणी जवळ बसवून घेतलं नाही." संगीता बारावी झालेली. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून ती खालच्याच एका गाळ्यात वाट्या मोजून खोक्यांत भरायचं काम करत होती. प्रकाशला ती आमच्या ऑफिसात पाणी द्यायला यायला नको होती. बुलडोझर तिला कधीच उमगला नसता, तो तर आम्हालाही उमगत नव्हता. म्हणून त्यानं स्वतःचीच स्क्रिप्ट फोडायला घेतली.

मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, चालत्या गाडीची चाकं कशाला काढतोस? आणि खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती होती. बुलडोझर एकट्या प्रकाशला कळतो म्हणून मालक त्याच्या खाड्यांकडे कानाडोळा करत होते. तेवढाच काय तो त्याच्या हातात हुकमाचा पत्ता. तो पत्ता हा वेडा आपण होऊन टेबलावर उघडा टाकत होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि कामाला लागला. एका मोठ्या स्क्रिप्टच्या चार छोट्या आज्ञा केल्या आणि त्यांना साधी मराठी नावं दिली. शोध, दाखव, बदल, ताळा. शोध फक्त शोधणार आणि सापडलेल्या ओळींची यादी करणार, कशाला हात लावणार नाही. दाखव ती यादी आजूबाजूच्या ओळींसकट छापून देणार. मग दोन माणसांनी समोरासमोर बसायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बदलायच्या ओळीपुढं पेन्सिलीनं खूण करायची. ही पद्धत त्यानं छापखान्यातून उचललेली, डिप्लोमा करताना तो तिथं प्रुफं वाचायला जायचा. पेन्सिलीची खूण असेल त्या ओळीपुढं मशीनमधल्या यादीतही एक चांदणी टाकायची. बदल फक्त चांदणीवाल्या ओळी बदलणार, तेही वेगळ्या फाईलमध्ये, जुनी जिथल्या तिथं शाबूत. आणि ताळा जुनी-नवी शेजारी मांडून फरक दाखवणार. एकीचं लिहिलेलं दुसरीनं वाचायचं, की झालं. मधे लाइट गेली तर गेली, त्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. सांगायला हे किती सोपं वाटतं. पण एवढं सोपं करायला त्याला पाचसहा महिने लागले, कारण बुलडोझरच्या पोटात सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. एक धागा सोडवायला जावं तर दुसरीकडे चार गाठी बसायच्या. कधीकधी तो टेबलावर डोकं टेकून पडायचा, आणि आम्ही आवाज न करता काम करायचो.

रविवारी ऑफिस बंद असायचं, तेव्हा तो संगीताला घेऊन यायचा. मी मीरा रोडहून मुद्दाम यायचे. म्हणायला मदत, खरं तर तो मधेच कोसळला तर कोणीतरी हवं म्हणून. पहिल्या दिवशी तिनं कीबोर्डला हात लावायच्या आधी पदराला बोटं पुसली. इंग्रजी नीट वाचता येईल की नाही याची तिला धास्ती, म्हणून त्यानं सगळे प्रश्न मराठीतच ठेवले, अक्षरं इंग्रजी पण भाषा आपली. आणि प्रत्येक प्रश्नाच्या आधी तिचं नाव. बदल चालवायला गेलं की पडद्यावर यायचं, "संगीता, यादी दोघांनी वाचली का?" ती लाजली. "अहो, काय हे, बाकीची माणसं बघतील ना." तो म्हणाला, "बघू दे. खुर्ची तुझीच आहे." सोमवारपासून आम्हीही त्याच आज्ञा वापरायला लागलो आणि मशीन आम्हा सगळ्यांनाच संगीता म्हणायला लागलं. ॲग्नेल चिडायचा, "सकाळपासनं मी संगीता हाय." तेवढंच हसू त्या महिन्यांत आमच्या वाट्याला आलं. संगीता शिकली मात्र झपाट्यानं. एका रविवारी यादी वाचताना तिनं मला मधेच थांबवलं. "ताई, हे साल नाही, हा घराचा नंबर आहे बहुतेक. याला खूण करायची का?" नव्हती करायची. प्रकाश खिडकीपाशी पाठ टेकून बसला होता, डोळे मिटून. झोपलाय असं वाटलं होतं, पण तो गालातल्या गालात हसत होता.

त्याच्या शेवटच्या आठवड्यांत मी एकदा न राहवून विचारलं, "अरे, साल उजाडलं की हे कामच संपणार. मग संगीताला काय उपयोग?" वाटलं, दुखावेल. तर म्हणाला, "बुलडोझरला सालाशिवाय काही येत नव्हतं. 'शोध'ला मी साल काय ते सांगितलेलंच नाही. तू सांगशील ते शोधेल तो. उद्या नाव बदलायचं असेल, पत्ता बदलायचा असेल. काम संपतं का कुठं?" बोलताना त्याला धाप लागत होती. पाय सुजून चप्पल बसत नव्हती, तरी तो यायचा. पुढच्याच मंगळवारी फोन आला.

अंत्ययात्रेला मालक आले होते, मोठा हार घेऊन. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही आले, संगीताला हात जोडून "जयभीम" म्हणाले, प्रकाशच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, शब्द पाळतील. त्यानंतर काही दिवसांनी संगीता ऑफिसात आली, इस्त्रीची साडी नेसून, प्रकाशचाच डबा घेऊन. मालकांनी तिला बसवलं, चहा मागवला. मला आत बोलावलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, प्रकाशनं सगळं एवढं सोपं करून ठेवलंय, की आता त्याच्यासाठी वेगळा माणूस कशाला लागतोय? कोणीही करतंय. आणि दोन महिन्यांत कामच आटपतंय." संगीता म्हणाली, "तुम्ही तोंडानं बोलला होता." "हो, पण परिस्थिती बघा ना." मी तेव्हा काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि संपादक छापणारही नाहीत. आवाज खालच्या गाळ्यांपर्यंत गेला असणार. उपयोग शून्य. एक माणूस मरता मरता स्वतःचं डोकं सोलून चार आज्ञांत भरतो, बायकोला कळावं म्हणून, आणि तेवढ्याच कारणानं बायकोची गरज संपते... याला काय म्हणायचं? मी त्याला नीचपणा म्हणते. संगीतानं चहा अर्धा ठेवला, डबा उचलला आणि जिना उतरून सरळ वाट्यांच्या गाळ्यात कामाला गेली. तिथं तिनं त्या दिवसाची रजाही टाकलेली नव्हती, नुसता उशीर होईल म्हणून सांगून आली होती.

गेल्या आठवड्यात मालकांनी मला आणखी एक काम सांगितलं. बाहेरगावचं कोणी पाहुणं येणार आहे, त्यांना या चार आज्ञा दाखवायच्या आहेत, पुढची कामं मिळवायला. "ते जागोजागी नाव येतंय ते काढून टाका. बरं नाही दिसत." मी ॲग्नेलकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. म्हटलं, दुसरं कोणी काढणार त्यापेक्षा मीच काढते. आणि काढायचं तर प्रकाशच्याच पद्धतीनं. 'शोध'ला मी संगीता हे नाव दिलं आणि त्याच्याच चार आज्ञांच्या पोटात शोधायला लावलं. यादी आली. मला वाटलं होतं त्याहून ती पुष्कळ लांब होती. रोजचे प्रश्न तर होतेच, पण त्याखाली अशा ओळी होत्या ज्या पडद्यावर कधी आल्याच नव्हत्या, कारण त्या सगळ्या काही बिघडलं तरच येणार होत्या. फाईल सापडली नाही तर, डिस्क भरली तर, यादी रिकामी निघाली तर. एकेका संकटाला त्यानं तिच्या नावानं एकेक वाक्य लिहून ठेवलं होतं. मी ती यादी 'दाखव'मधून छापून घेतली. आता नियमाप्रमाणे वाचायला दुसरं माणूस हवं. ऑफिसात कोणाला सांगायची माझी इच्छा नव्हती. मी कागद पिशवीत घातले आणि संध्याकाळी संगीताच्या घरी गेले.

तिला आधी सगळं सांगितलं. मालक काय म्हणाले, मी काय करायला आलेय. ती नको म्हणाली असती तर मी तशीच उठून आले असते. तिनं मुलीला शेजारी पाठवलं, पेन्सिल शोधून आणली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. मी वाचायला लागले. "संगीता, यादी दोघांनी वाचली का?" तिनं खूण केली. "संगीता, ही फाईल मिळाली नाही. नावाचं स्पेलिंग एकदा बघ." खूण. "संगीता, डिस्क भरली. शुभदाला हाक मार, ती ओरडेल पण करून देईल." इथं मी थांबले. संगीतानंच पाण्याचा पेला पुढं केला, मी प्यायले, तिनं खूण केली. अशी एकेक ओळ. तिचा हात गाळ्यात वाट्या मोजाव्यात तसा एका लयीत चालला होता. मग एक ओळ आली, बदल मधेच तुटला तर येणारी. "संगीता, लाइट गेली होती वाटतं. घाबरू नकोस. जुनं सगळं जागेवर आहे. दमानं पुन्हा सुरू कर."

तिनं पेन्सिल उचलून धरली. मी वाट पाहिली. नीट ऐकलं नसेल म्हणून पुन्हा वाचली. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिनं तोंड पुसलं आणि त्या ओळीच्या खालच्या ओळीवर पेन्सिल नेली. "पुढची वाचा, ताई."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खुणा असलेल्या ओळींपुढं चांदण्या टाकल्या आणि बदल चालवला. नवीन फायली तयार झाल्या. ताळा घेतला. मालक मागं येऊन उभे राहिले. "निघाली का सगळी नावं?"

"खूण केलेली सगळी निघाली," मी म्हटलं.